तिसऱ्या बाजाराची सुई

माय, तू मला सांगायला पाहिजे होतंस. बाकीचं सगळं राहू दे. धाकट्याच्या ताटात कायम जास्तीचं तूप पडायचं, माझी शाळा चौथीतच सुटली, ते मी कधीच सोडून दिलं. पण माझ्या स्वतःच्या छातीत काय आहे हे तुला माहीत होतं आणि मला न्हाई, ही कुठली रीत? सत्तेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी हे काळीज तसंच घेऊन फिरले. विहिरीचं पाणी ओढलं, खुरपणी केली, दोन लेकरं काढली. दम लागला की सासू म्हणायची, कामाचा कंटाळा आहे. नवरा म्हणायचा, रक्त कमी आहे, बीट खा. आणि मीच मला शिव्या द्यायची, की बाकीच्या बायका चढ चढतात आणि मलाच काय धाड भरते. दुसऱ्या बाळंतपणात मी निळी पडले होते तेव्हा तू उशाशी बसलेली होतीस. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस. तू पदर तोंडावर धरून बसलीस, मला वाटलं रडतेस. आता वाटतं, तोंडातून काही निघू नये म्हणून धरला होतास. तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. आता भांडायचं तर कुणाशी? म्हणून लिहितेय. तुला वाचता येत न्हाई हे मला ठाऊक आहे, आणि हे टपालाच्या कुठल्या डब्यात टाकायचं ते बी कुणाला ठाऊक न्हाई. तरी लिहितेय, कारण हातातलं काम झालंय आणि डोक्यातलं झालेलं न्हाई.

धाराशिवला आता डॉक्टरकीचं कॉलेज झालंय. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय बी बोलतीस. आपल्या वेळी डॉक्टर म्हणजे लांबून बदली होऊन यायचा आणि आल्या दिवसापासून परत जायची बदली शोधायचा. आता डॉक्टर इथंच तयार व्हायला लागलेत. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका बाईची खानावळ आहे, तिथं भाकरीचं काम माझ्याकडे. कॉलेजची पोरं-पोरी जेवायला येतात. कुणी लातूरचं, कुणी पार नागपूरकडचं. एकाला तर पिठल्यासंगं भाकरी कशी मोडायची ते मी हातात धरून शिकवलं. त्यांच्यातच एक परंड्याची पोरगी आहे. किडकिडीत, चष्मा लावणारी, जेवताना बोलत न्हाई, नुसती बघत राहते. मला असं बघणारं माणूस आवडत न्हाई. एक दिवस ताट घेऊन ती सरळ माझ्या भट्टीपाशी आली आणि म्हणाली, "मावशी, तुमी दोन भाकरी झाल्या की थांबताय."

"मग काय पळू?"

"तसं न्हाई. पण पाण्याची घागर आणली की गाल लाल होतात तुमचे आणि ओठ निळे पडतात."

"जाळापुढं चार तास उभी राहा, तुझे बी होतील."

"जाळानं ओठ निळे पडत न्हाईत, मावशी."

"जेव गप. भाकरी गार व्हायलीय."

मला वाटलं, गेली. आठ दिवसांनी परत आली. विचारते कशी, झोपताना डोक्याखाली उशा किती घेता? मी म्हटलं, एक, दुसरी तुझ्या बापानं दिली न्हाई. बाकीची पोरं हसली, ही बी हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "मग बसून झोपत असाल." तिथं मी भट्टीकडं तोंड फिरवलं. कारण मी भिंतीला टेकूनच झोपते, माय, सहा वर्षं झाली, आणि हे माझ्या सुनेला बी ठाऊक न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती मला हाताला धरून घेऊन गेली. तिथं त्यांच्या मोठ्या मॅडम आहेत, पोरांना शिकवणाऱ्या. बोलायला तिखट, म्हणजे माझ्यासारखीच बाई. त्यांनी नळी लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच न्हाईत. मग मला डाव्या कुशीवर वळवलं, परत लावली. मग पोरांना बोलावलं. एकामागं एक दहा जणांनी माझ्या छातीवर ती गार चकती टेकवली. एक म्हणाला ऐकू येत न्हाई, एक म्हणाली येतंय पण काय ते कळत न्हाई. मॅडम त्यांच्यावर ओरडल्या, "हात धरून नाडी बघत ऐका, घाई कसली आहे, गाडी सुटतेय का तुमची?" मग मला विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का? आधी एक गुडघा, मग दुसरा, मग मनगट?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या काळजानं. आणि नंतर दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन घेत होता का?"

"एकवीस दिवसांचं मला ठाऊक न्हाई. तिसऱ्या बाजाराला घ्यायचे."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मॅडमनी बोटांवर मोजलं आणि त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "लिहून घ्या. पेशंट तारीख मोजत नाही, आठवड्याचा बाजार मोजतो. हे तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही." मग त्यांनी मला समजंल असं सांगितलं. लहानपणी घसा आला होता, त्यातून सांधे धरले, आणि सांधे सोडताना त्या रोगानं काळजाची एक झडप चावली. झडप आखडली. रक्त तिथून जाताना आवाज होतो. ती सुई रोग परत येऊ नये म्हणून होती, ती मी मोठी होईपर्यंत घ्यायची होती. आता गोळ्या आहेत, दर काही दिवसांनी तपासणी आहे, आणि आजच काही चिरफाड करायची गरज न्हाई. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. कारण सुईचं नाव निघाल्याबरोबर मला सगळं आठवलं, आणि त्या आठवणीत तू दाराच्या आत उभी होतीस आणि मी बाहेर.

मी नऊ वर्षांची आहे. जळकोटचं आपलं घर. चुलीवर निरगुडीचा पाला उकळतोय, घरभर तो कडू वास. तू फडक्यात पाला बांधून माझ्या गुडघ्यावर ठेवतेस, मी किंचाळते, तू म्हणतेस, "ओरड, ओरड, पर पाय हलवू नको." चार दिवसांत गुडघा उतरतो आणि दुसरा सुजतो. शेजारची आक्का कानडीतून काहीतरी म्हणते, तू तिला कानडीतूनच उत्तर देतेस, मला कळू नये म्हणून. सकाळी मला पाठीवर घेऊन तू रोडवर येतेस. मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात एक तरणा डॉक्टर आहे, त्याचं मराठी वेगळंच आहे. तो माझ्या छातीला नळी लावतो, मग तुझ्याकडं बघतो, मग मला म्हणतो, बाळ, बाहेर नळावर पाणी पिऊन ये. मला तहान न्हाई. तरी जाते. परत येते तेव्हा तुझा चेहरा धुतल्यासारखा झालेला. मी विचारते, काय म्हणला? तू म्हणतेस, "सांध्याची सुई हाय. तिसऱ्या बाजाराला येऊ." सांध्याची सुई. एवढंच. तिथंच तू मला फसवलंस, माय.

ती सुई कशी होती ते तुला टोचली असती तर कळलं असतं. पांढरं घट्ट औषध, ताकातल्या लोण्यावाणी. आत जाताना कंबर फाटायची आणि दोन दिवस मी लंगडत चालायची, वर्गातल्या पोरी नक्कल करायच्या. पण सुई झाली की तू मला बाजारात नेऊन गरम भजी घ्यायचीस, कागदात बांधून, आणि तुझ्या वाटचं एकही न खाता सगळी माझ्यापुढं ठेवायचीस. दर तिसऱ्या बाजाराला. शेतात पेरणी असो का घरात पाहुणे. वडील कधी चिडले तर म्हणायचीस, "तुमी चिडा, आमी जाऊन येतो." वरीस-दीड वरीस हे चाललं. एवढं केलंस हे मी विसरले न्हाई, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो.

मग तो डॉक्टर गेला. बदली का काय. त्याची खुर्ची तशीच, वर पंखा, खाली कुणी न्हाई. कंपाउंडर म्हणाला, ही सुई डॉक्टर हजर असल्याबिगर देता येत न्हाई, एखाद्याला रिअ‍ॅक्शन येते, माणूस जागेवर जातं. तू म्हणालीस, एवढ्या सुया झाल्या, काय न्हाई झालं. तो म्हणाला, "मावशी, आजवर न्हाई झालं. आज झालं तर तुमच्यासंगं मी बी जाईन." खरंच होतं त्याचं. तू विचारलंस, नवे डॉक्टर कवा येतील? "येतील की. कुठल्या साली ते तेवढं विचारू नका." आपण तीनदा जाऊन पायरीवर बसून परत आलो. चौथ्यांदा तू मला एकटीला घरी ठेवून विचारायला गेलीस. भजी आणली न्हाईस. मला मात्र आनंद झाला होता.

आता माझी मजा ऐक. कॉलेजची परीक्षा असते, तेव्हा बाहेरगावचे मास्तर येतात आणि पोरांना खरा पेशंट तपासायला देतात. मॅडमनी मला विचारलं, याल का? पोरांनी तपासायचं, प्रश्न विचारायचे, तुम्ही खरं ते सांगायचं, रोगाचं नाव मात्र सांगायचं न्हाई. मी म्हटलं, येते, चहा किती वेळा? तर मी परीक्षेचा पेशंट झाले. नवी चादर, खाटेवर बसून पोहे. पहिल्याच वेळी आलेल्या पोराच्या नळीची चकती छाती सोडून माझ्या मंगळसूत्रावरच वाजत होती. मला कीव आली. तो मला डाव्या कुशीवर वळवायला विसरला होता, आणि वळवल्याशिवाय माझा आवाज नीट लागत न्हाई, हे आता मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक. मी नुसतंच "आई गं, पाठ धरली" म्हणत आपोआप डावीकडं वळले. त्याचे डोळे असे चमकले. पास झाला. संध्याकाळी मॅडम भट्टीपाशी येऊन उभ्या. "मावशी, तुम्ही परीक्षेत कॉपी पुरवता."

"मी कुशीवर बी वळू नको?"

"एका पोरासाठी वळलात, ठीक. पाच जणांना तुमची पाठ एकाच जागी कशी धरली?"

मी म्हटलं, आमच्याकडं डॉक्टरची वाट बघत पायरीवर बसलेली माणसं आहेत, तुम्ही नापास करत बसा. त्या म्हणाल्या, "नीट न शिकलेला डॉक्टर आला तर पायरीवर बसलेली माणसं कुठं जातील?" हे मला लागलं. त्यानंतर मी वळले न्हाई. कुणी विसरला की छताकडं बघत पडून राहते आणि मनात त्याला शिव्या देते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. परंड्याची पोरगी मागच्या महिन्यात येडशीजवळच्या एका गावात शाळेतली पोरं तपासायला गेली होती, कॉलेजकडून. तिथं चौथीतल्या एका मुलीच्या छातीत तिला आवाज लागला. माझ्यासारखा न्हाई, कोवळा, पण त्याच घराण्यातला. पुन्हा मॅडमनी बघितलं, मशीनवर बघितलं, खरं निघालं. झडप अजून आखडलेली न्हाई. सुई चालू ठेवली तर आखडणार बी न्हाई. माझ्या छातीवर शिकलेल्या कानांनी तिथं जाऊन एक पोरगी हेरली, हे तिनं मला भट्टीपुढं सांगितलं तेव्हा माझी भाकरी तव्यावर करपली आणि मी ती तशीच करपू दिली. आता तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे, कायम कुणी ना कुणी असतं, कॉलेजमधून शिकून निघालेली पोरं बी असतात. खुर्ची रिकामी न्हाई. पहिली सुई झाली. आणि दुसरीच्या वेळी त्या पोरीची आईच तिला घेऊन आली न्हाई.

परंड्याची म्हणाली, मावशी, आमी सांगून दमलो, तुमी चला. गेले. तिची आई दाराशी शेंगा फोडत बसलेली, वयानं माझ्या लेकीएवढी. पोरगी अंगणात लंगडी खेळत होती. मी सरळच बोलले. मला असं असं झालं, माझ्या आईनं सुई बंद केली, बघ आता माझे ओठ.

ती शेंगा फोडतच म्हणाली, "माझी तर उड्या मारतीया. बघा की. दर येळंला काम टाकून जायचं, आन् सुई घेतली की दोन दिस रडती. वर गावात बोभाटा. उद्या हिला द्यायची येळ आली तर कोण करील?"

"मला केली की."

"तुमच्या आईनं सांगितलं हुतं का मग?"

मी पदर सारखा केला. ती म्हणाली, "सांगितलं न्हाई ना? मग? शहाणी हुती तुमची आई."

मी म्हटलं, शहाणी असती तर सुई बंद केली नसती. तेव्हा तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "का बंद केली मग? पोरगी नकोशी हुती का त्यांना?"

माय, तुझ्यावर गेले कितीतरी महिने मी मनातल्या मनात आग ओततेय, पण तिनं एवढं म्हटल्याबरोबर माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "तोंड सांभाळ. मला पाठीवर घेऊन रोडपातूर आलीया ती." परंड्याच्या पोरीनं माझा दंड धरला. त्या बाईनं काही वाईट म्हणून विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एक आई लेकराची सुई कशी काय बंद करते, हे ती स्वतःलाच विचारत होती. मी उठले. निघताना परंड्याच्या पोरीनं त्या लेकराला जवळ बसवलं, नळी त्याच्याच कानात घातली आणि चकती त्याच्याच छातीवर ठेवली. म्हणाली, ऐक, हे तुझं आहे, ह्याच्यासाठी सुई आहे. लेकरानं तोंड उघडं टाकून ऐकलं. मग म्हणालं, "आये, तू बी ऐक." आई उठली न्हाई, पण शेंगा फोडायची थांबली होती. परतीच्या गाडीत मी एकच विचार करत होते, की मला नळावर पाणी प्यायला पाठवायच्या ऐवजी कुणी एवढं केलं असतं तर.

येत्या रविवारी मी परत जाणार आहे, एकटी. सोमवारी त्या पोरीच्या सुईचा दिवस आहे. ती बाई तेच विचारणार, आणि ह्या वेळी मला खरं सांगायचंय. पोरांना मी आजवर सांगत आले की डॉक्टर नव्हता म्हणून सुई बंद झाली. त्यांच्या वहीत तसंच लिहिलेलं आहे. ते अर्धं खरं आहे. तुला उरलेलं अर्धं माहीत आहे का, ते मला माहीत न्हाई.

नवा डॉक्टर आला होता, माय. तीन-चार महिन्यांनी. तू मला घेऊन गेलीस, त्या दिवशी गर्दी होती, सुई संपली होती, पुढचं कागदावर बघा म्हणाले, आणि सिस्टरनं एका कागदावर लिहून दिलं. बाहेर लिंबाखाली तू तो कागद माझ्या हातात दिलास. घरात वाचता येणारी मी एकटीच होते. म्हणालीस, "काय लिव्हलंय?" त्यावर लिहिलं होतं, दर एकवीस दिवसांनी, बंद करू नये. बंद करू नये हे तीन शब्द मी नीट वाचले होते, चौथीचं पुस्तक त्यापेक्षा अवघड होतं. आणि मी तुला वाचून दाखवलं, आता सुईची गरज न्हाई, बरं झालंय. तू कागद माझ्याकडून घेतलास, उलटा-सुलटा बघितलास, घडी करून चोळीत ठेवलास. मग माझ्याकडं बघितलंस, लई वेळ, आणि म्हणालीस, "चल." पुढं मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा तू हळूच सांगायचीस, दम लागतो म्हणून कुणापुढं बोलू नको. म्हणजे बरं झालेलं न्हाई हे तुला ठाऊक होतं. मग मी खोटं वाचलं हे बी ठाऊक होतं का? का माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि दम मागाहून कळला? विश्वास ठेवला असशील तर मी त्या बाईला सांगीन, लेकराच्या तोंडावर जाऊ नको, कागद दुसऱ्याकडून वाचून घे. आणि कळून सोडून दिलं असशील, माझी कंबर बघवली न्हाई म्हणून, तर मला तिला वेगळंच सांगावं लागंल, आणि ते तिला लगेच समजंल, कारण तिचं बी तेच चाललंय. मला दोन्ही चालतंय. राग मी माझा मी बघून घेईन. पण मला शनिवारपर्यंत कळलं पाहिजे. रविवारी सकाळची पहिली गाडी आहे.